ठाणे-नवी मुंबईत नवीन बिऱ्हाड थाटताना: वीज, गॅस, किराणा आणि भाजीचा खर्च कसा आवरायचा

नव्या घरातल्या पहिल्या तीन महिन्यांत पैसा सगळ्यात जास्त गळतो. मीटरचं आधीचं रीडिंग लिहून ठेवलेलं नसतं, जवळचं कुठलं दुकान कशाला बरं हे कळलेलं नसतं, आणि थकून घरी आल्यावर जे समोर दिसेल ते घेतलं जातं. हा लेख घोडबंदर रोड, वर्तकनगर, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ, खारघर अशा भागांत नव्याने राहायला आलेल्यांसाठी आहे.

सगळीकडे एकच सवय लागते: एकूण रक्कम बघायची नाही, एककाचा दर बघायचा. विजेला युनिटचा, तेलाला किलोचा, रिचार्जला दिवसाचा. ऑफर कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेली असो, या एका भागाकारापुढे ती टिकते का ते बघा.

आधी हे जमवून ठेवा

- भाडेकराराची किंवा खरेदीखताची प्रत, आधार, पॅन
- विजेचं शेवटचं बिल (त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट लागतं)
- पाइप गॅसचं शेवटचं बिल, नाहीतर सिलिंडरचं कनेक्शन व्हाउचर आणि गॅसचं पुस्तक
- सोसायटीच्या देखभाल बिलाची एक प्रत
- शिधापत्रिका असेल तर तिचा क्रमांक
- एक साधी वही आणि एक छोटा वजनकाटा (स्वयंपाकघरातला ५ किलोचा पुरतो)

१. ताबा घेतला त्याच दिवशी: मीटरचे फोटो

वीज आणि गॅस, दोन्ही मीटरचे फोटो काढा. आकडा आणि मीटरचा क्रमांक एकाच फोटोत स्पष्ट आले पाहिजेत. तेच फोटो घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. आधीच्या भाडेकरूची थकबाकी असली तरी वीज तुमचीच तोडली जाते, कारण थकबाकी त्या जोडणीवर असते. ग्राहक क्रमांक टाकून चालू थकबाकी ऑनलाइन दिसते. ती शून्य झाल्याशिवाय अनामत देऊ नका.

मीटरच्या खोलीत आपला मीटर कुठला, हे वॉचमनच्या सांगण्यावर सोडू नका. घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो का ते बघा. थांबला नाही, तर दोनपैकी एक गोष्ट आहे: मीटर दुसऱ्याचा आहे, किंवा तुमच्या मीटरवरून आणखी कोणाची वायर गेली आहे. जुन्या इमारतींत जिन्याचा दिवा किंवा पाण्याचा पंप एखाद्या फ्लॅटच्या मीटरवर जोडलेला सापडतो. अशा वेळी सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवा आणि लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा.

२. विजेचं बिल वाचायला शिका

ठाणे शहराच्या बहुतेक भागात, नवी मुंबईत, खारघर-पनवेलला महावितरणची वीज आहे. शीळ, मुंब्रा, कळवा या पट्ट्यात १ मार्च २०२० पासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी बिलं देते. दर मात्र महावितरणचेच, म्हणजे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेले. मुंबईतून आलेल्यांना इथलं बिल वेगळं वाटतं, कारण तिथल्या कंपन्यांचे दर वेगळे आहेत.

घरगुती बिलाचे टप्पे असे: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीच्या आसपास असतो. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग होतात. तसं होत नाही. ३२० युनिटं झाली तर वरची फक्त २० युनिटं तिसऱ्या दराने लागतात. पण याची दुसरी बाजू जास्त उपयोगाची आहे. तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतं. म्हणून एका युनिटची खरी किंमत काढताना एकूण बिलाला युनिटांनी भागू नका. तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात बिलावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा) मिळवा, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या भावाप्रमाणे बदलणारा) लागला असेल तर तोही धरा आणि वर १६ टक्के वीज शुल्क लावा. येईल तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची सगळी गणितं त्याच्यावर होतात.

बिलावर चालू रीडिंगच्या आसपास बिल कसं काढलं आहे याची नोंद असते. रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं असेल तर ठीक. घर बंद होतं, रीडिंग मिळालं नाही किंवा सरासरी काढली अशी नोंद असेल, तर ते बिल अंदाजाचं आहे. अंदाजाची बिलं दोन-तीन महिने चालली की एकदम मोठा आकडा येतो. त्या वेळी एकूण युनिटं जितक्या महिन्यांची, तितक्या महिन्यांत टप्पे वाटून द्यावे लागतात. ते दिलेत का हे तपासा. दिले नसतील तर बिल दुरुस्तीचा अर्ज करा. हे टाळायचं असेल तर रीडिंगच्या सुमारास महावितरणच्या अ‍ॅपमधून स्वतःचं रीडिंग फोटोसह पाठवा.

आता छोट्या सवलती. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर १ टक्का सूट मिळते. बिलावर ती तारीख आणि कमी झालेली रक्कम वेगळी छापलेली असते. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. कागदी बिल बंद करून ई-बिल घेतलं तर वर्षाला १२० रुपये. दोन हजारांच्या बिलावर हे सगळं मिळून वर्षाला चारशेच्या जवळ जातं, आणि त्यासाठी काहीही कमी वापरावं लागत नाही. उशीर झाला तर उलट सव्वा टक्का विलंब आकार लागतो.

उन्हाळ्याच्या सुमारास काही जणांना एकाच महिन्यात दोन बिलं येतात. दुसरं बिल बहुधा वाढीव सुरक्षा ठेवीचं असतं. दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेव कंपनीकडे असावी असा नियम आहे. वापर वाढला की फरक मागतात, आणि ठेवीवरचं व्याज बिलातून वळतं करतात. भाड्याच्या घरात ही ठेव मालकाच्या नावावर जमा होते, म्हणून ती मालकाने भरायची असं भाडेकरारातच लिहून घ्या. नंतर मागायला गेलात तर वाद होतो.

आणि एक इशारा. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाणार आहे, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज साध्या मोबाइल नंबरावरून आला तर तो फसवणुकीचा आहे. त्या नंबरावर फोन करू नका, कुठलंही अ‍ॅप उतरवून घेऊ नका. शंका असेल तर १९१२ वर विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

३. कुठलं उपकरण किती खातं, ते मीटरवरच मोजा

यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या दर्शनी भागावर लाल दिव्याच्या शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट होतं. घरातलं सगळं बंद करा, एकच उपकरण चालू ठेवा आणि एक मिनिट लुकलुक मोजा. मोजलेल्या संख्येला ६० ने गुणून मीटरवरच्या आकड्याने भागा. उत्तर किलोवॉटमध्ये येतं. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ८ लुकलुकी आल्या तर ०.१५, म्हणजे १५० वॉट. ते साधारण दोन जुन्या पंख्यांइतकं आहे.

पंखा: या हवेत पंखा सोळा-सोळा तास चालतो, म्हणून पहिला पैसा इथेच घाला. जुना पंखा ७५ वॉटचा. महिन्याला ३६ युनिटं. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. महिन्याला १४-१५ युनिटं. फरक साडेएकवीस युनिटांचा. तुमचं युनिट १२ रुपयांना पडत असेल तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २६० रुपये वाचतात. तीन हजारांचा पंखा वर्षभरात फिटतो. सगळे एकदम बदलू नका, आधी झोपायच्या खोलीतला आणि हॉलमधला. भाड्याचं घर असेल तर जुना पंखा माळ्यावर जपून ठेवा आणि जाताना परत लावून स्वतःचा घेऊन जा.

एसी: तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं मोजमाप आहे. इथे त्रास उष्णतेपेक्षा दमटपणाचा असतो. म्हणून २० वर लावून पांघरूण घेण्यापेक्षा २६ वर लावा आणि सोबत पंखा मंद ठेवा. पावसाळ्यात ड्राय मोड वापरा. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. ठाणे-बेलापूर रोडच्या किंवा महामार्गाच्या कडेला घर असेल तर आठवड्याने धुवा. धूळ साचली की थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो.

गीझर: एक बादली कोमट पाण्याला पाव ते पाऊण युनिट लागतं, पाणी किती तापवता त्यावर. चौघांच्या घरात महिन्याला चाळीस-पन्नास युनिटं सहज जातात. टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवू नका. आंघोळीआधी १२-१५ मिनिटं पुरतात, आणि एकामागोमाग आंघोळी उरकल्या तर पाणी पुन्हा थंड होत नाही. पाइप गॅसवरचा गीझर चालवायला स्वस्त पडतो, पण तो बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होऊन दगावतो. गीझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत, धूर बाहेर जाईल असाच बसला पाहिजे. तशी जागा नसेल तर हा विचार सोडून द्या.

सेट-टॉप बॉक्स, राउटर, टीव्हीचं स्टँडबाय: १२ वॉटचा बॉक्स दिवसरात्र लावलेला असेल तर महिन्याला साडेआठ युनिटं. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा. फ्रिज मात्र बंद-चालू करू नका. त्याच्यामागे चार बोटं जागा सोडा आणि दाराचं रबर तपासा: दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला.

४. गॅस: पाइपचा की सिलिंडर?

ठाणे आणि नवी मुंबईत पाइप गॅस महानगर गॅसचा. तुलना अशी करा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जितकी उष्णता असते, तितकी पाइप गॅसच्या साधारण १८ घनमीटरमध्ये असते. म्हणून बिलावरच्या एका एससीएमच्या (म्हणजे घनमीटरच्या) दराला १८ ने गुणा आणि ती रक्कम सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. शिवाय पाइपमध्ये उरलेला गॅस वाया जाण्याचा किंवा वजनात मार खाण्याचा प्रश्न नसतो.

पाइप गॅसचं बिल साधारण दोन महिन्यांनी येतं. घर बंद असल्याने अंदाजाचं बिल आलं तर अ‍ॅपवर खरं रीडिंग टाका. पाइप गॅस सुरू झाल्यावर सिलिंडरचं कनेक्शन एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या. कनेक्शन व्हाउचर हरवलं असेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं आणि एक फेरी वाढते, म्हणून तो कागद आधी शोधा. सिलिंडरची शेगडी पाइपवर तशीच जोडू नका, तिचं नोझल बदलावं लागतं. ते कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी दिसली आणि भांड्याला काजळी धरली तर बर्नर चोंदलाय आणि गॅस फुकट जातोय.

५. किराणा: यादी, वजन आणि भागाकार

आधी महिन्याचं माप ठरवा. चौघांच्या मराठी घराला साधारण इतकं लागतं: तांदूळ ८ किलो, गहू १० ते १२ किलो, तूरडाळ २ किलो, इतर डाळी-कडधान्यं ३ किलो, तेल ३ ते ४ लिटर, साखर ३ किलो, शेंगदाणे १ किलो, पोहे-रवा प्रत्येकी १ किलो, चहा पावडर अर्धा किलो. पहिले दोन महिने प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख चिकटवा. तिसऱ्या महिन्यात तुमचं स्वतःचं माप कळतं आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली पाकिटं बंद होतात.

तेलाच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. बाजारात त्याच आकाराच्या पिशव्यांत ८५०, ८०० आणि ७५० ग्रॅमही मिळतात, आणि ‘स्वस्त’ दिसणारी पिशवी बहुधा तीच असते. डब्याचंही तसंच. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा वेगळे. १५ लिटरमध्ये तेल साधारण १३.६५ किलोच असतं, म्हणजे जवळजवळ दीड लिटरचा फरक. डब्यावर निव्वळ वजन कुठल्या एककात आहे ते वाचूनच भाव विचारा. पाकिटांवर आता छापील किमतीसोबत ग्रॅमचा किंवा किलोचा दरही असतो. तोच वाचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं नाही. चहा, बिस्किटं आणि कपड्यांची पावडर यांत दोन लहान पाकिटं कधीकधी एका मोठ्यापेक्षा कमी पैशांत येतात.

कुठून घ्यावं? डीमार्टसारख्या मोठ्या दुकानात साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, साखर, चहा हे महिन्यातून एकदा घ्यावं. पण जायचा-यायचा खर्च धरा. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, म्हणजे जवळच्या जवळही जाऊन-येऊन ५२. तीनशे रुपयांच्या खरेदीवर तितकी बचत होत नाही. दोन-अडीच हजारांच्या यादीवर होते. यादीबाहेरची वस्तू ट्रॉलीत गेली की ते गणितही बिघडतं. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर वस्तूचा भाव कमी दिसतो. हाताळणी शुल्क, डिलिव्हरी आणि कमी रकमेचा आकार मिळवून शेवटची रक्कम बघा. कोथिंबीर-दुधासाठी तिथे जाऊ नका, ती सवय लागली की महिन्याचा हिशेबच राहत नाही.

गव्हाचं तयार पीठ आणि गिरणीतलं दळण यांची तुलना एकदा करून बघाच. गव्हाचा किलोचा भाव अधिक दळणाचा किलोचा दर, आणि त्याच्याशी चांगल्या पिठाच्या पिशवीचा दर. बहुतेक ठिकाणी गिरणी जिंकते, आणि पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. दळणाला देताना आणि आणताना घरच्या काट्यावर वजन करा. थोडी घट येणारच, पण दहा किलोमागे पाव किलोपेक्षा जास्त येत असेल तर गिरणी बदला.

सामूहिक खरेदी हा मार्ग नवख्यांना माहीत नसतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे आणि ठाण्यातही तिचे सभासद-गट आहेत. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि आलेला माल गटातच आपण वाटून घ्यायचा. माल निवडक आणि स्वच्छ असतो. महिन्यातला एक दिवस वाटपाला द्यावा लागतो, तेवढी तयारी असेल तरच या. नव्या सोसायटीत ओळखी व्हायलाही यासारखा मार्ग नाही.

६. भाजी, फळं, मासळी

तुर्भ्याच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारात) पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, धान्य आणि मसाला. सानपाडा आणि तुर्भे ही जवळची स्टेशनं. भाजीपाल्याचा घाऊक व्यवहार पहाटेच्या अंधारात सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चांगला माल उचललेला असतो. दोन किलो भेंडीसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. चार-पाच घरांनी मिळून जायचं, कांद्याची एक गोणी, बटाट्याची एक, टोमॅटोचं एक क्रेट घ्यायचं आणि वाटायचं. गोणीच्या भावावर हमाली-तोलाई वेगळी लागते का, ते आधी विचारा. गोणी उघडून मधला माल बघा. वरचा थर नेहमी चांगलाच असतो.

घरगुती गिऱ्हाइकाला खरा उपयोग मसाला आणि धान्य बाजाराचा. गाळ्यावर ‘किरकोळ देता का?’ म्हणून विचारायचं. बरेच जण किलो-दोन किलोही देतात. रविवारी बहुतेक गाळे बंद असतात.

ठाण्यात जांभळी नाक्याचा बाजार स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भाजी, किराणा, सुकामेवा, पूजेचं सामान सगळं एका फेरीत होतं. नोकरीवरून परतताना स्टेशनबाहेर उतरून तिथून भाजी घेऊन पुढची बस पकडणारे पुष्कळ आहेत, आणि घोडबंदर रोडवरच्या टेम्पोपेक्षा तिथे भाव कमी पडतो. पालेभाजी मात्र सकाळीच घ्या. रात्री जुडी स्वस्त होते, पण निम्मी पिवळी निघते. शेतकऱ्यांचे आठवडी बाजार तुमच्या भागात कुठल्या दिवशी भरतात, ते शेजारी विचारून ठेवा.

मासळीचं गणित पावसावर चालतं. १ जून ते ३१ जुलै राज्यात समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा बर्फातली मासळी चढ्या भावाने मिळते. त्या दोन महिन्यांसाठी सुकट, जवळा, सुके बोंबील एप्रिल-मेमध्येच घेऊन ठेवा. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात कोळणींकडून ताजी मासळी मिळते. श्रावणात मागणी कमी असते, तेव्हा खाणाऱ्यांनी संधी साधावी.

७. आगोटीची बेगमी

आगरी-कोळी आणि कोकणी घरांत पावसाआधी वर्षाचं सामान भरून ठेवायची जुनी रीत आहे. ती आजही पैसे वाचवते, पण सगळ्याच वस्तूंत नाही.

कांदा: मार्च ते मेमध्ये येणारा उन्हाळ कांदाच साठवायचा. दिवाळीच्या आसपासचा लाल कांदा महिनाभरही टिकत नाही. साल घट्ट, मान बारीक आणि कोरडी असलेला मध्यम कांदा निवडा. जाड मानेचा आधी सडतो. चौघांना १५ ते २० किलो पुरे. वन बीएचकेमध्ये गोणीभर कांदा ठेवायला जागाच नसते, म्हणून हाव धरू नका. बांबूच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत, हवेशीर गॅलरीत ठेवा, बटाट्याशेजारी नको. आठवड्याला एकदा चाळून नासका काढा, नाहीतर एक कांदा दहा नासवतो. भाव साधारण ऑगस्टपासून चढतो, तेव्हा हा साठा कामाला येतो.

लसूण, मिरची, हळद, धणे, चिंच हे सगळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नवं येतं. मिरचीत रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. मोडून बघा: कडकन तुटली पाहिजे. वाकली तर ओलावा आहे, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय आणि पुढे बुरशीही धरेल. देठासकट मिरचीत देठाचं वजन जातं, ते धरून भाव करा. तिखट कुटून आणलं की पूर्ण गार करा, काचेच्या बरणीत दाबून भरा आणि मध्ये हिंगाचे खडे टाका.

तूरडाळ नव्या हंगामात, जानेवारी ते मार्चमध्ये घ्या. किलोला चमचाभर एरंडेल चोळून दोन दिवस उन्हात द्या. गहू मेच्या कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरला तर आतून घाम सुटतो आणि जाळी धरते. तांदळाच्या नावांवर भुलू नका. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाने विकला जाणारा सगळा तांदूळ वाड्याचा नसतो. एक किलो नेऊन शिजवून बघा आणि मगच पोतं उचला.

रवा, मैदा, बेसन, शेंगदाणे यांचा साठा करू नका. या दमट हवेत महिना-दीड महिन्यात त्यांना कीड लागते किंवा खवट वास येतो.

८. सोसायटीचं बिल

घर घेतलं असेल तर ही रक्कम किराण्याइतकी असते, तरी कोणी वाचत नाही. तीन गोष्टी बघा. घर भाड्याने दिलेलं असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा राज्य शासनाचा आदेश आहे. थकबाकीवर व्याज वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळव्याज. आणि जीएसटी लागतो तो महिन्याचं योगदान ७५०० च्या वर गेलं आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असली तरच.

टँकर मागवणाऱ्या सोसायटीत पाण्याची गळती सगळ्यांच्या खिशातून जाते. फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाका आणि फ्लश न करता अर्ध्या तासाने भांडं बघा. पिवळं पाणी आलं तर वॉशर गेलाय. सामाईक वीज, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे, यांच्यासाठी छतावर सौर पॅनेल बसवायला पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. हा विषय वार्षिक सभेत मांडा.

९. रिचार्ज आणि इंटरनेट

२८ दिवसांचा प्लॅन वर्षात १३ वेळा भरावा लागतो, १२ वेळा नाही. रकमेला दिवसांनी भागा आणि तुलना करा. घरात ब्रॉडबँड असेल तर रोज दोन जीबीचा मोबाइल प्लॅन कशाला?

१०. रेशन बदलून घ्यायची घाई नको

गावाकडची शिधापत्रिका राष्ट्रीय अन्नसुरक्षा योजनेत असेल तर तुमचं धान्य इथल्या रेशन दुकानातही मिळतं. आधारवर अंगठा जुळला पाहिजे आणि सगळ्या सदस्यांचं ई-केवायसी झालेलं पाहिजे. काही सदस्य गावी राहत असतील तर त्यांचा वाटा ते तिथे घेऊ शकतात. कार्डासाठी एजंटला पैसे देऊ नका. शहरी भागात या योजनेची वार्षिक उत्पन्न मर्यादा ५९,००० रुपये आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही.

११. बिल चुकलं, वजन कमी भरलं, तर

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, पाकिटात वजन कमी निघालं किंवा वस्तू खराब निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पक्कं बिल, पाकिटाचा फोटो आणि घरच्या काट्यावरच्या वजनाचा फोटो जवळ ठेवा. भाजीवाल्याच्या किंवा मासळीच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का बघायचा अधिकार तुम्हाला आहे. वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का तेवढं तरी बघाच.

विजेच्या बिलाची तक्रार आधी आपल्या उपविभागीय कार्यालयात लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रारीला पुढे काहीच आधार राहत नाही. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. अर्जासोबत मागच्या सहा महिन्यांची बिलं आणि ताबा घेतल्या दिवसाचा मीटरचा तो फोटो जोडा.